पुरात पाणी भरायला निघालेली बाई

पंचवटी, नाशिक
२१ जुलै १९९७

नाना,

वर तीर्थरूप लिहायचं असतं आणि खाली साष्टांग नमस्कार. दोन्ही लिहिलं असं समजा आणि पुढे वाचा. आईसाठी वेगळं पत्र टाकलंय, हे तुमचं आहे. चुलीत घालायचं असेल तर वाचून मग घाला.

मी मालनमावशीकडे आहे. खानावळीच्या वरची खोली दिलीय तिने. एका भिंतीला तांदळाची पोती, दुसऱ्या भिंतीला माझी वळकटी. सकाळी पोळ्या लाटते आणि अकराला कॉलेजात जाते. हो, चित्रकलेच्या कॉलेजात. तुम्ही गावभर सांगताय म्हणे की पोरगी नापास झाली आणि तोंड लपवायला मावशीकडे गेली. प्रवेशपरीक्षेत नापास झाले नाही. वस्तुचित्रावर तरून गेले. पण त्या परीक्षेत काय झालं ते तुम्ही ऐकून घेतलं नाहीत, म्हणून आता लिहून सांगते. लिहिलेलं मधेच तोडता येत नाही.

स्मरणचित्राचा विषय होता, 'नदीला पूर आला आहे'. मनाने माणसं काढायची. मला वाटलं, हा तर आपल्या घरचा पेपर. सिन्नरच्या ड्रॉइंगच्या सरांची मुलगी मी, एलिमेंटरीला ए, इंटरमीजिएटला ए. सगळ्यांच्या आधी चित्र संपवून हात पुसत बसले होते. तपासणारे सर बाकाजवळ थांबले. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "ही बाई डोक्यावर हंडा घेऊन कुठे निघालीय?"

मी म्हणाले, "पाणी भरायला."

"पुरात?"

सगळा वर्ग हसला. मग त्यांनी एकेकाची चौकशी केली. घरं वाहून चाललीत आणि हा पोरगा पतंग उडवतोय. हा फुगेवाला फुगे कोणाला विकणार? हा छत्रीवाला पाठमोरा का, पूर तर इकडे आहे. शेवटी म्हणाले, "सिन्नरची का तू?" मी नाव सांगितलं नव्हतं, नाना. त्यांनी चित्र बघून गाव ओळखलं. म्हणाले, ग्रेड परीक्षेचे पेपर तपासायला बसलो की हा छत्रीवाला दरवर्षी गठ्ठ्याने येतो, आता आम्ही त्याला नमस्कार करतो.

छत्रीवाला, हंडेवाली, काठीवाला म्हातारा, पतंगवाला, फुगेवाला. जत्रा असो, बसस्टँड असो, लग्न असो, हीच पाच जणं. डोकं अंड्यासारखं, धड खोक्यासारखं, चेहरा पलीकडे वळवा, पाय धोतरात लपवा, हात मागे घ्या. "पंजा काढायला गेलात की मार्क गेले," हे तुमचं वाक्य पोरं पाढ्यासारखं म्हणायची. मी सर्वांत मोठ्याने म्हणायची.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा तुमचा क्लास चालू होता आणि फळ्यावर तीच हंडेवाली उभी होती. माझं डोकं फिरलं. पोरांसमोर म्हणाले की तुमची माणसं मेलेली आहेत. म्हणायला नको होतं पोरांसमोर, असं आई म्हणते. आणि तुम्ही काय म्हणालात? "एक जिवंत माणूस काढून दाखव, मगच या घरात पाय ठेव." तेही पोरांसमोरच.

ठीक आहे. सिन्नर तीस किलोमीटरवर आहे, अमेरिकेत नाही. कारभारीमामा रोज एसटी घेऊन येतात-जातात. चित्रं त्यांच्याबरोबर पाठवत जाईन. बघायची की नाही ते तुम्ही ठरवा.

उज्वला

---

पंचवटी
१२ नोव्हेंबर १९९७

नाना,

गुंडाळी परत मिळाली. कारभारीमामांनी आपल्या कंडक्टरच्या बॅगेतून काढून टेबलावर टाकली आणि म्हणाले, "तुझ्या बापाने दिलीय. बोलला काही नाय." मी हात न धुता उघडली. एक शब्द नाही. नुसती लाल पेन्सिल. माणसामाणसावर फुली आणि खाली कोपऱ्यात 'सी'. मी काय तुमच्या आठवी 'ब'मध्ये आहे? दिवाळीला पोरगी घरी आली नाही, त्यावर एक ओळ नाही, आणि 'सी' मात्र वळणदार.

राग आलाच. पण तुमच्या एका फुलीने डोकं खाल्लं. मी हमाल काढला होता, पाठीवर पोतं घेऊन चाललेला. तुम्ही हमालावर फुली मारली नाही, पोत्यावर मारलीत. पोत्यात काय चुकलं? पोतं पोत्यासारखं होतं. मी ते चित्र उलटं करून बघितलं, आरशात बघितलं. मग चिडून खाली गेले आणि तिथल्या वापरातल्या तांदळाच्या पोत्याला पाठ लावली. अर्धं भरलेलं होतं. उचललं आणि भिंतीपर्यंत गेले.

मावशी ओरडली, "ए बये, अंगात आलंय का तुझ्या? उद्या कंबर धरली तर पोळ्या कोण लाटीन?"

पण कळलं. मान पुढे जाते. ओठ आत जातात. एक गुडघा लवतो, दुसरा ताठ राहतो. आणि पायाची बोटं जमीन धरतात, चपलेतसुद्धा. पाय लपवून ओझं उचलता येत नाही, नाना. माझा हमाल टाचा जुळवून उभा होता, त्याच्या पोत्यात कापूस असणार. आणि तुमच्या हंडेवालीच्या हंड्यात काय आहे? इतकी वर्षं ती बाई रिकामा हंडा घेऊन हिंडतेय आणि कोणाला पत्ता नाही.

आता मी असं करते. खानावळीत गिऱ्हाईक जेवायला बसलं की वाढता वाढता बघते. कागद जवळ ठेवत नाही. वर खोलीत जाते आणि मनाने काढते. जमलं नाही की खाली येते आणि त्या माणसासारखी बसते. भात संपत आलाय आणि आमटी अजून यायचीय, तेव्हा माणूस ताटावर कसा झुकतो ते स्वतः झुकल्याशिवाय कळत नाही. काल एका रिक्षावाल्यासारखी एक पाय बाकावर घेऊन बसले तर मावशीने उलथनं दाखवलं. म्हणाली, चार माणसं येतात इथं, नीट बस.

जिथे ताण पडतो तिथून रेघ सुरू करायची, डोक्याच्या अंड्यापासून नाही. हे मला कोणी सांगितलं नाही. तुम्ही तर नाहीच.

सोबत नवीन आठ-दहा माणसं पाठवतेय. द्या 'सी'.

उज्वला

---

पंचवटी
१ मार्च १९९८

नाना,

आज तुमच्यावर जितकी चिडलेय तितकी त्या दिवशी क्लाससमोरही नव्हते.

हातगाडी ओढणारा माणूस पाठवला होता मी. रविवार कारंजाच्या चढावर बघितलेला. घरी येऊन मनाने काढला, बरा जमला असं वाटत होतं. तुम्ही फुली मारली नाही या वेळी. एकच लाल रेघ काढलीत, मागच्या टाचेपासून सरळ मानेपर्यंत, आणि माझं धड त्या रेघेपेक्षा किती कमी झुकलंय ते दिसलं. बस, एक रेघ. आणि तो माणूस गाडी ओढायला लागला. माझा उभा होता, तुमचा ओढत होता.

आधी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चित्र भिंतीला टेकवून बघत बसले. आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ही रेघ शिकून येत नाही. ती त्यालाच येते ज्याने शेकडो माणसं मनात वाकवून बघितलीत. म्हणजे तुम्हाला येतं. पहिल्यापासून येत होतं.

मी चौकातल्या एसटीडीवरून आईला फोन केला. शेजारच्यांनी बोलावून आणलं तिला. विचारलं, नाना कधी खरी माणसं काढायचे का? ती म्हणाली, "नवीन लग्न झालं तेव्हा जत्रेतल्या कुस्त्या बघून यायचे अन् जुन्या कॅलेंडरच्या मागं पैलवान काढायचे. भिंतीला लावलं की वाटायचं, आता खाली पडतेत."

म्हटलं, मग सोडलं कशाने?

"निकाल लागायला लागले ना तुझ्या बापाचे."

शंभर टक्के. दरवर्षी हेडमास्तर पेढे वाटायचे आणि पेपरात शाळेचं नाव यायचं. तुम्ही कोट घालून फोटोत मधे बसायचात. फोटोत सगळे दिसतात, ते पैलवान कुठे गेले? आई म्हणाली, कॅलेंडरं बंबात घातली. कोणी घातली ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

न येणाऱ्या मास्तरने चुकीचं शिकवलं तर मी समजू शकते. बिचारा काय करणार, त्याच्याकडे तेवढंच आहे. पण तुमच्याकडे होतं आणि तुम्ही आम्हाला रिकाम्या हंड्याची बाई दिलीत. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो अंधार मी आहे. का, ते सांगा. 'सी' नको, 'बी' नको. उत्तर लिहा.

उज्वला

---

पंचवटी
४ जुलै १९९८

नाना,

चार महिने लागले तुम्हाला एक ओळ लिहायला. तीही माझ्याच चित्राच्या पाठीमागे. "वर्गात चाळीस पोरं, आठवड्याला एक तास. पास व्हायला हवी होती."

खरं आहे. मी खोटं म्हणणार नाही. तुमच्या क्लासातला चंदर त्या पाच माणसांच्या जोरावरच एटीडीला गेला आणि आज सुरगाण्याकडे आश्रमशाळेत ड्रॉइंगचा मास्तर आहे. त्याच्या घरात पहिली नोकरी. मागच्या महिन्यात खानावळीत आला होता, तुमचं नाव काढून डोळ्यांत पाणी आणलं त्याने. त्याला मी काही बोलले नाही. तो जेवून गेला आणि मी त्याच्या बसण्याचं चित्र काढलं. तुमच्यामुळे त्याचं भलं झालं, कबूल.

पण मी चाळीसातली नव्हते, नाना. मी घरातली होते. मला आठवड्याला एक तास नव्हता, रोजची संध्याकाळ होती. तुम्ही ओसरीवर पेपर वाचत बसायचात आणि मी समोर पाटी घेऊन. पाटीवर मी आईला काढायचे, भाकरी थापताना. सहा-सात वर्षांची असेन. वेडीवाकडी असेल, पण ती पुढे झुकलेली होती आणि तिचे हात पिठात होते, ते मला आठवतंय. तुम्ही पाटी घेतलीत, पुसलीत, आणि अंड्यासारखं डोकं काढून दिलंत. म्हणालात, असं काढ, नीट दिसतं.

एक रेघ दाखवायला किती वेळ लागतो? मी मोजलं नाही, पण हातगाडीवर तुम्ही मारलीत ती मारायला एक श्वास लागला असेल. तेवढासुद्धा तुम्ही मला दिला नाहीत. पंधरा वर्षांत नाही. घरची पोरगी, कुठे पळून जातेय असं वाटलं असेल. आता पळाली.

आईचा निरोप मिळाला, 'वडील आहेत, तू नमतं घे.' तिला सांगा, मी नमतं घेणार नाही. माणूस कुठून नमतो ते आता मला नीट माहीत आहे.

कॉलेजातल्या सरांनी माझी खानावळीतली पंगत व्हरांड्यात लावलीय. तेच सर, ज्यांनी पुरावर हसून घेतलं. म्हणाले, हा वाढपी आता वाटी सांडणार, मला बघवत नाही. मी म्हणाले, तो सांडत नाही, रोज असाच वाढतो. तुम्हाला यायचं असेल तर या बघायला. येणार नाही म्हणा. निकाल नाही ना लागायचा.

उज्वला

---

पंचवटी
१८ जानेवारी १९९९

नाना,

हे पत्र छोटं आहे कारण जास्त लिहिलं तर तोंडाला येईल ते लिहीन.

गोदाघाटावरच्या दोन बायका पाठवल्या होत्या. ओली गोधडी पिळतायत, एक इकडून, एक तिकडून. आतापर्यंतचं माझं सगळ्यात चांगलं चित्र आहे ते. तीन आठवडे घाटावर जाऊन बघितलं आणि घरी येऊन काढलं, फाडलं, पुन्हा काढलं. पीळ गोधडीला पडतो तसा बाईच्या कमरेलाही पडतो, तो एकदाचा आला. मला वाटलं, आता तरी तुम्ही म्हणाल. काय म्हणाल ते माहीत नाही. काहीतरी.

आणि परत काय आलं? लाल रेघा, पण तुमच्या नाहीत. डावीकडच्या बाईच्या खांद्यावर कोणीतरी गिरगटलंय. वेडीवाकडी, तुटक, एकावर एक. कोणाच्या हातात पेन्सिल दिलीत? सातवीतल्या पोराला बसवलंत आणि म्हणालात, मार रेघा उज्वलाताईच्या चित्रावर? जागा बरोबर आहे, खांदा खरंच वर चढायला हवा होता. म्हणजे शेजारी बसून सांगत होतात. हात मात्र दुसऱ्याचा. ग्रेडसुद्धा दिली नाहीत.

'सी' परवडला. 'सी' तुम्ही स्वतः लिहायचात.

आता पाठवणार नाही.

उज्वला

---

पंचवटी
९ फेब्रुवारी १९९९

नाना,

मालनमावशी रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला सिन्नरला आली होती. परत आली ती दोन आठवडे माझ्याशी धड बोलेना. मला वाटलं पोळ्या करपल्या म्हणून. काल भांडी घासता घासता म्हणाली, "तुझ्या बापाचा हात कापतो गं. बशी तोंडाला न्यायला गेले तर निम्मा चहा मांडीवर. कंपवात हाय म्हनं. सांगू नको म्हनली होती तुझी आई, पन मला नाय राहवलं."

कधीपासून, विचारलं. तर म्हणे वर्ष होऊन गेलं. शाळेत फळ्यावर काही काढत नाहीत, पोरांना म्हणतात वहीतलं बघून करा. माणसांत उजवा हात खिशात ठेवून बसतात. आणि माझी गुंडाळी आली की दार लावून घेतात. आईने खिडकीतून बघितलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून पेन्सिल टेकवायची, आणि एक रेघ मारायला अर्धी दुपार.

आणि मी लिहिलं, सातवीतलं पोर.

माफी मागत नाही मी. तुम्हाला काय वाटलं, मी रडत येईन? मला राग आलाय. त्या दिवसापेक्षा जास्त, हातगाडीपेक्षाही जास्त. तुमच्या हाताची गोष्ट कारभारीमामांना माहीत, शेजारच्यांना माहीत, गावातल्या डॉक्टरला माहीत. मला नाही. माझ्याकडे दर महिन्याला तुमची रेघ येत होती आणि तरी मला नाही. इतका कसला हो ताठा? खांद्याची चूक दाखवायला तुम्ही अर्धी दुपार झिजलात, पण 'पोरी, माझा हात कापतो' एवढं आईकडून लिहवून घेतलं नाहीत. आणि मी तरी काय दिवे लावले? बाईच्या कमरेचा पीळ ओळखते म्हणून मिरवले आणि बापाची रेघ ओळखली नाही.

काल रात्री जेवणं उरकल्यावर वर गेले आणि तुम्हाला काढायला बसले. मनाने. बघितलं नाही तरी काढता यायला हवं, तेच तर शिकले इतके दिवस. आलं, लगेच आलं. छाती पुढे, खडू धरलेला हात वर, एक पाय ओट्यावर. कोणीही म्हणेल, गोरक्ष मास्तर. हुबेहूब. आणि मावशी मागून वाकून बघत म्हणाली, "हे कधीचे? आता असे नाय ते." म्हणजे मी जो काढला तो माणूस आता कुठेच नाही. मी दीड वर्ष ज्याच्याशी भांडले तो हाच, फळ्यापुढचा, आणि पेन्सिल धरून दार लावून बसलेला माणूस मी कधी बघितलेलाच नाही. न बघितलेला माणूस मनाने येत नाही, नाना. कितीही सराव करा.

मी ते चित्र ठेवलेलं नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. जिवंत माणूस आणलास का असं दारात विचारू नका, काही आणत नाहीये. नुसते कोरे कागद आणि पेन्सिली. तुम्ही परवानगी द्याल याची वाट बघत नाही. आईला सांगा, भाकरी टाकून ठेव.

बोलायचं नसेल तर बोलू नका, मीही फारसं बोलणार नाही. अजून चिडलेलीच आहे आणि काही दिवस राहणार आहे. तुम्ही फक्त ओसरीवर उजेडात बसा. इस्त्रीचा शर्ट घालायचा नाही, हात खिशात घालायचा नाही. धीर धरून स्थिर बसायलाही मी सांगणार नाही. हललात तरी चालेल, नाना. मला आता हलणारी माणसं काढता येतात.

उज्वला